हरणांना मारायचे की नाही? न्यू जर्सीतल्या ताईने विचारलेला प्रश्न

दर रविवारी रात्री नऊ वाजता आमचा धम्मवाचनाचा वर्ग ऑनलाइन भरतो. नागपूर, अकोला, पुणे अशा ठिकाणचे वीस-पंचवीस तरुण-तरुणी असतात. एक ताई अमेरिकेतून, न्यू जर्सीतून जोडली जाते. माहेर नागपूरचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे बारा वर्षांपासून तिकडे. आमचे नऊ म्हणजे तिचे सकाळचे साडेअकरा.

मागच्या भाद्रपदातली गोष्ट. वाचन सुरू व्हायच्या आधी ताईने फोन खिडकीकडे वळवला. मागच्या अंगणातल्या हिरवळीवर तीन हरणे चरत होती, त्यातले एक ठिपक्यांचे पाडस. आमच्याकडे एकदम आनंदीआनंद. कोणीतरी म्हणाले, "ताई, तुमच्या घरी तर सारनाथच आलंय!" ताई हसली नाही. म्हणाली, "तुम्हाला फोटोत छान दिसतं. मागच्या नोव्हेंबरात आमच्या गाडीसमोर असंच एक आलं. गाडी गेली, हरीणही गेलं, आम्ही थोडक्यात वाचलो. यंदा मुलीला गोचीड चावली, तीन आठवडे औषध चाललंय. आणि आता टाउनशिपची सुनावणी आहे. हिवाळ्यात नेमबाज बोलावून हरणं मारायची का, यावर लोकांचं मत घेणार आहेत. मी पंचशील घेतलेली बाई. तिथे उभी राहून काय बोलू?"

वर्गात शांतता. "पाणातिपाता वेरमणी" आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण या प्रश्नाला तेवढे उत्तर पुरेल का, याची कोणालाच खात्री नव्हती. सुनावणीला तीन आठवडे होते. तेवढ्या दिवसांत आम्ही जे वाचले आणि आपसात भांडून समजून घेतले, ते इथे मांडतो आहोत.

आधी हे हरीण कोणते ते पाहू. अमेरिकेच्या पूर्व भागात सगळीकडे दिसते ते पांढऱ्या शेपटीचे हरीण. आपल्या चितळापेक्षा थोडे दांडगे. धोका वाटला की शेपूट वर करून आतला पांढरा भाग दाखवत पळते. ठिपके फक्त पाडसाला असतात, तेही थंडी यायच्या आत जातात.

आज वाटते की ही हरणे तिथे कायमच इतकी होती. तसे नाही. युरोपीय वसाहती झाल्यावर कातड्याचा आणि मांसाचा व्यापार सुरू झाला, जंगले तोडून शेती झाली, आणि 1900 च्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत ही हरणे जेमतेम तीन ते पाच लाख उरली होती. अनेक पूर्वेकडच्या राज्यांत ती जवळजवळ दिसेनाशी झाली. मग कायदे आले. 1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद झाला. शिकारीवर हंगामाची मर्यादा आली, दुसरीकडून हरणे आणून सोडण्यात आली. आज हा आकडा तीन कोटींच्या घरात आहे. वन्यजीव वाचवण्याच्या इतिहासात इतके मोठे यश क्वचितच मिळाले असेल. अडचणही याच यशातून आली.

कारण हरीण वाचवले, पण हरणाला खाणारे वाचवले नाहीत. पूर्वेकडचे लांडगे आणि पुमा माणसाने त्याआधीच संपवले होते, सरकारी बक्षिसे लावून संपवले होते. आल्डो लिओपोल्ड हे अमेरिकेतले वनाधिकारी तरुणपणी स्वतः लांडगे मारत. लांडगे कमी म्हणजे हरणे जास्त, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पुढे हरणांनी बोडके केलेले डोंगर पाहून त्यांचे मत बदलले. 1949 साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या पुस्तकात त्यांनी ही कबुली दिली आहे.

लांडगे गेल्यावर उरला माणूस शिकारी. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांभोवती उपनगरे पसरली तसा तोही तिथून बाहेर गेला, कारण घरांपासून ठरावीक अंतराच्या आत बंदूक चालवता येत नाही. आणि उपनगर कसे असते? घर, घरासमोर हिरवळ, कडेला झुडपे, मागे जंगलाचा एक तुकडा, पुन्हा घर. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला दाट जंगल फारसे आवडत नाही, त्याला जंगलाची कड आवडते: लपायला झाडी आणि चरायला मोकळी जागा. अमेरिकेने नकळत हजारो मैल लांबीची अशी कड बांधून दिली. वर खत-पाणी घालून वाढवलेली ट्युलिप आणि होस्टाची झाडे, म्हणजे हरणांच्या दृष्टीने पंक्तीचे जेवण. धडधाकट हरिणी दरवर्षी मे-जूनमध्ये विते, बहुतेक वेळा जुळे. खायला भरपूर आणि मारणारे कोणी नाही, अशा ठिकाणी कळप दोन-तीन वर्षांत दुप्पट होऊ शकतो.

ताईचे शेजारी म्हणतात, "हरणं आमच्या वस्तीत घुसली." आमचे म्हणणे, ती घुसली नाहीत, ताट वाढून बोलावलेली आहेत. सुनावणीत हे कोणीतरी बोलले पाहिजे, असे आम्हाला पहिल्या आठवड्यातच वाटले.

आता त्रास. रस्त्यावरचे अपघात सगळ्यांना दिसतात. अमेरिकेत दरवर्षी हरणे आणि वाहने यांच्या दहा लाखांहून जास्त धडका होतात आणि त्यांत साधारण दोनशे माणसे मरतात. बहुतेक धडका ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या. हा माजाचा काळ, नर हरिणीच्या मागे बेभान धावतो. त्यातच दिवस लवकर मावळतो आणि कामावरून घरी परतणाऱ्यांची गर्दी नेमकी अंधारात रस्त्यावर असते.

गोचिडीचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे आणि त्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते, म्हणून थोडे सविस्तर.

1970 च्या दशकात कनेक्टिकट राज्यातल्या लाइम नावाच्या गावात मुलांचे सांधे सुजू लागले. डॉक्टर त्याला मुलांचा संधिवात म्हणत होते. पॉली मरे ही चार मुलांची आई ते मानायला तयार नव्हती. तिने आजूबाजूच्या घरांतल्या दुखण्यांची नोंद ठेवली आणि 1975 मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले. त्यातून संशोधन सुरू झाले, गावाच्या नावावरून आजाराला नाव मिळाले आणि काही वर्षांनी विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीच्या पोटात त्याचा जिवाणू शोधला. एका सामान्य बाईने वहीत केलेल्या नोंदींमुळे वैद्यकशास्त्राला एक आजार सापडला. वस्तीत सर्वेक्षण करताना कंटाळणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. आज अमेरिकेत दरवर्षी पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांवर लाइम आजाराचे निदान करून उपचार होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

यात हरणाचा वाटा काय? लोक म्हणतात, हरणामुळे लाइम होतो. हे अर्धे खरे आहे. गोचिडीला हा जिवाणू हरणाकडून मिळत नाही, तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदराकडून मिळतो. गोचिडीचे पिल्लू उंदराचे रक्त पिते तेव्हा जिवाणू त्याच्या अंगात शिरतो. पुढच्या वर्षी तीच गोचीड, खसखशीच्या दाण्याएवढी झालेली, माणसाला चावते. बहुतेक लोकांना ती दिसतही नाही. ताईच्या मुलीला गुडघ्यामागे चावली होती, लाल वर्तुळ उमटले तेव्हा कळले. मग हरीण कुठे येते? पूर्ण वाढलेल्या मादी गोचिडीला पोटभर रक्तासाठी मोठा प्राणी लागतो. ती हरणावर चढते, फुगते, खाली पडते आणि दोन हजारांच्या आसपास अंडी घालते. म्हणजे हरीण रोग देत नाही, गोचिडींचा वंश वाढवते.

मेन राज्यातल्या मॉनहेगन या छोट्या बेटावर 1990 च्या दशकाअखेरीस सगळीच हरणे काढून टाकली, तेव्हा पुढच्या काही वर्षांत गोचिडी जवळजवळ संपल्या. पण ते बेट होते आणि एकही हरीण ठेवले नव्हते. जिथे चारी बाजूंनी नवी हरणे येऊ शकतात तिथे थोडी हरणे कमी करून लाइम किती उतरेल, याची हमी देता येत नाही. तेव्हा "हरणे मारली की लाइम जाईल" असे कोणी सुनावणीत म्हटले, तर ताईने त्याला अडवावे, हे आम्ही ठरवले.

तिसरे नुकसान जंगलाचे. त्याबद्दल सुनावणीत कोणी तक्रार करायला येत नाही, कारण जंगलाला मतदानाचा हक्क नाही. हरणे फार झाली की जंगलात माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत एकही हिरवे पान उरत नाही. वर मोठी झाडे, खाली मोकळी जमीन. पाहुण्याला वाटते, किती स्वच्छ जंगल! प्रत्यक्षात ते म्हातारे जंगल असते, कारण ओकची आणि मेपलची रोपे वाढायच्या आत खाल्ली जातात. झुडपात घरटी बांधणारे पक्षी जातात. आणि हरणे जे खात नाहीत ते फोफावते, उदाहरणार्थ जपानी बारबेरीचे काटेरी झुडूप. गंमत अशी की या बारबेरीच्या दमट सावलीत उंदीर आणि गोचिडी दोन्ही सुखाने वाढतात.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे आणखी एक प्रश्न पडतो: हा त्रास सगळ्यांना सारखा होतो का? ज्याच्याकडे पैसा आहे तो आठ फुटी कुंपण घालतो, त्याहून कमी उंचीचे हरीण सहज ओलांडते. त्याच्याकडून अडलेली हरणे शेजाऱ्याकडे जातात. घरमालक हिरवळीवर दिवसाचा अर्धा तास असतो. ती हिरवळ कापणारा, पानांचे ढीग उचलणारा मजूर दिवसभर असतो. न्यू जर्सीत हे काम करणाऱ्यांत लॅटिन अमेरिकेतून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतल्या अनेकांकडे आरोग्य विमा नाही. ताईच्या मुलीला दुसऱ्याच दिवशी डॉक्टर मिळाला. तिची हिरवळ कापणाऱ्या माणसाला गोचीड चावली तर? ताई म्हणाली, हे आपण त्याला कधी विचारलेच नाही. पुढच्या आठवड्यात विचारले. दोनदा चावली होती, एकदाही डॉक्टरकडे गेला नव्हता.

उपाय काय आहेत? वर्गातल्या बहुतेकांचे पहिले उत्तर होते, पकडून लांब सोडा. ऐकायला ते सगळ्यात दयाळू. पण हरीण पकडले जाताना इतके घाबरते की स्नायूंवर ताण येऊन पकडल्यानंतर काही दिवसांनीही मरू शकते. नव्या जागी वाट माहीत नसल्याने उरलेल्यांतलीही बरीच मरतात. शिवाय हरणांमध्ये मेंदू पोखरणारा एक जीवघेणा आजार पसरतो आहे. 1967 मध्ये कोलोरॅडोत तो पहिल्यांदा दिसला, आज तीसहून जास्त राज्यांत पोचला आहे. त्यामुळे हरणे इकडून तिकडे नेणे म्हणजे आजार नेणे.

दुसरे उत्तर, संततिनियमन. न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसन या गावाने 2014 मध्ये हरिणींना गर्भनिरोधक लस टोचायला सुरुवात केली. लस चांगली आहे, पण एकेक हरिणी शोधायची, टोचायची आणि काही वर्षांनी पुन्हा टोचायची. यातला एक तपशील आमच्या शाकाहारी मित्रांना चांगलाच बोचला: ही अहिंसक लस डुकरिणींच्या अंडाशयापासून बनते आणि ती अंडाशये कत्तलखान्यातून येतात.

सगळ्यात मोठा प्रयोग न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंडचा. ताईच्या घरापासून हे बेट फार लांब नाही, मध्ये आर्थर किल नावाची खाडी. 2008 च्या हवाई पाहणीत बेटावर 24 हरणे मोजली गेली होती. 2014 मध्ये 763. 2017 चा अंदाज दोन हजारांच्या वर. खाडीच्या पलीकडून, म्हणजे न्यू जर्सीतून, ती पोहत आली असे मानतात. न्यूयॉर्क शहरात शिकारीला बंदी आहे, म्हणून 2016 पासून शहराने नरांची नसबंदी सुरू केली. हो, हरणांची नसबंदी. एकेका नराला बेशुद्ध करून, शस्त्रक्रिया करून, कानाला बिल्ला लावून सोडायचे. एक नर अनेक हरिणींना पुरतो, त्यामुळे जवळजवळ सगळे नर सापडले तरच उपयोग. शहराने लाखो डॉलर खर्च केले, शेकडो नरांवर शस्त्रक्रिया झाल्या. संख्या वाढायची थांबली, हळूहळू उतरू लागली, पण हरणे अजून आहेत. कारण नसबंदी झालेले हरीणही आयुष्यभर चरते आणि रस्त्यावर येते.

तिसरा मार्ग गोळीचा. वॉशिंग्टन शहरातल्या रॉक क्रीक पार्कमध्ये 2013 पासून हिवाळ्यात रात्री उद्यान बंद करून प्रशिक्षित नेमबाज हरणे मारतात आणि मांस बेघरांना, गरजूंना अन्न देणाऱ्या संस्थांकडे जाते. न्यू जर्सीतल्याच प्रिन्स्टनने 2001 च्या हिवाळ्यात हे सुरू केले, तेव्हा नागरिक कोर्टात गेले, गावात उभी फूट पडली. पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रिन्स्टनमध्ये हरणांच्या धडका सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्याचे म्हटले आहे. अभ्यास करणाऱ्यांत हरणे मारण्याचे कंत्राट घेतलेल्या संस्थेचेच लोक होते, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. घट मात्र इतकी मोठी आहे की ती नुसती उडवून लावता येत नाही.

इथे आमच्या वर्गात खरे भांडण झाले. अकोल्याचा एक तरुण म्हणाला, "पहिलंच शील मोडायचं तर बाकीची चार कशाला घ्यायची?" त्याचा मुद्दा हलका नाही. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेवर स्वतंत्र विवेचन केले आहे. बुद्धांनी अहिंसा हा आंधळेपणाने पाळायचा नियम म्हणून सांगितला नाही, तत्त्व म्हणून सांगितला, असे ते मांडतात. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत ते फरक करतात. गरज आहे की नाही, हे प्रत्येक प्रसंगी विचार करून ठरवण्याची जबाबदारी त्यामुळे माणसावर येते. नियम पाळणे त्या मानाने सोपे.

मग कोणीतरी निग्रोधमृग जातक काढले. आपल्याला त्यातला अर्धा भाग माहीत असतो: वाराणसीचा राजा रोज हरीण मारतो, हरणे पाळी लावतात, गाभण हरिणीची पाळी येते, तिच्या जागी निग्रोध हा हरणांचा राजा स्वतः मान ठेवतो आणि राजा विरघळून सगळ्या प्राण्यांना अभय देतो. आपण बहुतेकदा इथेच थांबतो. कथा थांबत नाही. अभय मिळालेली हरणे पुढे लोकांच्या शेतात शिरून पिके खाऊ लागतात. लोक राजाकडे गाऱ्हाणे घेऊन जातात, राजा म्हणतो, राज्य गेले तरी शब्द मोडणार नाही. तोडगा निग्रोधच काढतो. तो आपल्या कळपाला समजावतो आणि शेतकऱ्यांना निरोप धाडतो की कुंपण घालू नका, शेताच्या कडेने फक्त पानांची खूण बांधा. त्यानंतर हरणे ती खूण ओलांडत नाहीत.

म्हणजे अभय दिल्यावर पिकांचे काय, हा प्रश्न जातककारांनाही पडला होता. त्यांनी तो सोडवला, पण कथेतल्या हरणाला पानांची खूण कळते. न्यू जर्सीतल्या हरणाला कळत नाही. कळपाला आवरणारा निग्रोध तिथे नाही आणि लांडगा आपण संपवला. मग आवरण्याचे काम कोणाचे?

आमच्यातल्या बहुसंख्यांचे मत शेवटी असे झाले: काहीच न करणे म्हणजे अहिंसा नव्हे. गाडीखाली पाय मोडून रात्रभर तडफडणारे हरीण आणि अन्न संपलेल्या कळपात कडक हिवाळ्यात उपाशी मरणारे पाडस, यांचे मरणही आपल्याच निर्णयाने येते, फक्त त्यावर कोणाची सही नसते. तरीही गोळी हा पहिला उपाय असू शकत नाही, आणि मौजेसाठी शिकारीचे परवाने वाटून हे काम करायला आमचा पूर्ण विरोध आहे. अकोल्याचा मित्र अजूनही सहमत नाही. आम्ही त्याला बहुमताने गप्प केलेले नाही, तो पुढच्या महिन्यात त्याची बाजू इथेच लिहिणार आहे.

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटे होती. ताईने हो किंवा नाही म्हटले नाही, प्रश्न विचारले. टाउनशिपमध्ये हरणे किती आहेत, कोणी मोजली? मोजल्याशिवाय किती मारायची हे कसे ठरले? अंगणात मका टाकून हरणांना बोलावणाऱ्यांवर बंदी का नाही, शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात ती आहे. माजाच्या दोन महिन्यांत जंगलाकडेच्या रस्त्यांवर वेगमर्यादा कमी करता येईल का? मारलीच तर मांस कोणाला मिळणार? आणि हिरवळीवर काम करणाऱ्या मजुरांसाठी गोचिडीची तपासणी आणि औषध मोफत मिळेल का, कारण आमची हिरवळ त्यांच्या अंगावर वाढते.

शेवटच्या प्रश्नावर सभागृहात थोडी चुळबुळ झाली, असे ताई म्हणाली. त्यावर उत्तर आले नाही. मका टाकण्यावर बंदीचा ठराव मात्र त्याच महिन्यात आला आणि नेमबाजांचा निर्णय मोजणी होईपर्यंत पुढे ढकलला. मोजणी जानेवारीत आहे. पाने गळालेली असतात, जमिनीवर बर्फ असतो, तेव्हा विमानातून हरणे स्पष्ट दिसतात.

मुलीचे औषध संपले, ती बरी आहे. हिरवळ कापणाऱ्या दादांना ताईने स्वतः दवाखान्यात नेले. परवाच्या वर्गात तिने पुन्हा फोन खिडकीकडे वळवला. तीच तिघे होती. पाडसाच्या अंगावरचे ठिपके गेले होते.